बॉनर लॉ: ग्लासगोच्या लोखंडबाजारातून कॉमन्सच्या सभागृहात

रोजमेळ (धागाकर्ता)

ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे जुने नेते म्हटले की सरदारघराणी, ईटनची शाळा आणि वडिलोपार्जित जमिनी आठवतात. अँड्र्यू बॉनर लॉ यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते पेढीवर बसले, पुढे पंधरा वर्षं कच्च्या लोखंडाची खरेदी-विक्री केली, बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा खासदार झाले, त्यानंतर अकरा वर्षांत पक्षाचे नेते आणि १९२२ साली पंतप्रधान.

जन्म १६ सप्टेंबर १८५८, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधल्या किंग्स्टन गावी (आजचं रेक्सटन). वडील फ्री चर्चचे पाद्री, मूळचे अल्स्टरचे (आयर्लंडचा उत्तर भाग). आई लहानपणीच गेली. १८७० मध्ये मावशीनं त्यांना स्कॉटलंडला हेलेन्सबर्गला आणलं. आईचं माहेर किडस्टन, ग्लासगोतली पैसेवाली मंडळी. लोखंडाच्या व्यापाराला भांडवल पुरवणारी त्यांची पेढी होती. तिथेच लॉ उमेदवारीला लागले. १८८५ मध्ये ती पेढी क्लाइड्सडेल बँकेत विलीन झाली आणि लॉ विल्यम जॅक्स आणि कंपनी या लोखंडाच्या पेढीत भागीदार म्हणून गेले. जॅक्स स्वतः खासदारकीत गुंतलेले, त्यामुळे रोजचा कारभार सांभाळणारं माणूस त्यांना हवंच होतं.

माझं म्हणणं असं की लॉ यांचं राजकारण समजून घ्यायला त्यांची भाषणं नंतर वाचावीत, आधी त्यांचा धंदा समजून घ्यावा. त्या बाजारात दोनच गोष्टी माणसाला तारायच्या: आकडा तोंडपाठ असणं आणि सौदा अंगाशी येतोय असं दिसलं की वेळेवर बाहेर पडणं. पुढची तेवीस वर्षं त्यांनी जवळपास हेच केलं. जिथे केलं नाही तिथे काय झालं, तेही या धाग्यावर यावं.

---

गोदामपावती

रोजमेळ, चांगला विषय काढलात. हा धंदा नेमका कसा चालायचा ते आधी लिहितो, नाहीतर 'लोखंडाचा व्यापारी' म्हटल्यावर लोकांना सळ्या विकणारं दुकान वाटेल.

ग्लासगोत मुख्य सौदा व्हायचा तो कागदाचा. भट्टीवाल्याचं कच्चं लोखंड (झोतभट्टीतून ओतलेल्या लाद्या) लगेच खपत नसे. तो ते गोदामवाल्याकडे जमा करी. ग्लासगोत हे काम कॉनल यांची गोदामं करत. गोदामवाला त्या मालाची पावती देई, तिला वॉरंट म्हणत. एक वॉरंट ५०० टनांचं. त्यात प्रतही ठरलेली: तीन पंचमांश एक नंबर आणि दोन पंचमांश तीन नंबर, म्हणजे ३०० टन आणि २०० टन. कुठल्या भट्टीचा माल हे महत्त्वाचं नसे. मान्यताप्राप्त छाप असला की पुरे. त्यामुळे एक वॉरंट दुसऱ्यासारखंच, आणि हुंडीसारखं हातोहात फिरणारं.

याचे तीन उपयोग होते. भट्टीवाल्याला माल विकण्याआधी पैसा मिळे, कारण बँक वॉरंटवर कर्ज देई. ओतशाळेला पुढच्या महिन्यांचा भाव आज पक्का करता येई. आणि तिसरा वर्ग सटोडियांचा, ज्यांना लोखंड बघायचंही नसे.

गडबड कुठे व्हायची? मंदीवाला हातात नसलेली वॉरंटं पुढच्या तारखेला द्यायच्या बोलीवर विकतो. कोणी धनको गुपचूप गोदामातल्या पावत्या गोळा करत गेला, तर तारखेला मंदीवाल्याला माल मिळतच नाही आणि मागेल त्या भावानं घ्यावा लागतो. याउलट तेजीवाल्यानं बँकेच्या पैशावर वॉरंटं धरली आणि भाव पडला, तर बँक फरकाची रक्कम मागते, शिवाय गोदामभाडं आणि व्याज रोज चढतं. म्हणून या बाजारातल्या शहाण्या दलालाला आपली उघडी बाजू किती टनांची आहे, सरासरी भाव काय पडलाय आणि किती शिलिंगांनी भाव सरकला तर आपण संपलो, हे वही न उघडता सांगता यावं लागे. सौदे बोलून होत. बोललेला आकडा चुकला तर तो आपल्याच बोकांडी.

लॉ पुढे कॉमन्समध्ये टिपणाशिवाय तासभर आकडे देत उभे राहायचे, त्याचं लोकांना फार नवल वाटे. मला त्यात या बाजाराची तालीम दिसते.

---

निळी शाई

एक छोटी दुरुस्ती सुचवते, इतर ठिकाणी फार चुकतं म्हणून. काही जण 'बोनर' लिहितात. उच्चार 'बॉनर', इंग्रजी 'ऑनर'शी यमक जुळणारा. ते मधलं नाव आहे, आडनाव फक्त लॉ. अँड्र्यू बॉनर नावाच्या पाद्र्यावरून ठेवलेलं. रोजमेळ यांनी बरोबर लिहिलंय.

आणि एक भर. व्यापारी असून सभागृहात बोलायला ते शिकले कुठे? ग्लासगोत पार्लमेंटरी डिबेटिंग सोसायटी होती. नुसतं वक्तृत्व मंडळ नव्हे, पुरी प्रतिसंसद. सभापती, सरकार पक्ष, विरोधी पक्ष, विधेयकाची वाचनं, दुरुस्त्या, मतविभागणी, प्रत्येक सदस्याला एक काल्पनिक मतदारसंघ. लॉ तिथले 'नॉर्थ स्टॅफर्डशायर'चे खासदार. दिवसभर पेढी आणि संध्याकाळी हे, असं कित्येक वर्षं चाललं. याचा व्यावहारिक फायदा मोठा. नवा खासदार पहिली दोन वर्षं कामकाजाचे नियम समजण्यातच घालवतो: दुरुस्ती कधी मांडायची, हरकतीचा मुद्दा कधी घ्यायचा, आधीच्या वक्त्याला उत्तर देताना त्याचेच शब्द किती अचूक घ्यायचे. लॉ हे सगळं येण्याआधीच शिकून आले होते.

---

रोजमेळ

निळीशाईताई, प्रतिसंसदेचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता, आभार.

खासदारकीपर्यंतचा रस्ता थोडक्यात. उमेदवारी घेतली ती ग्लासगो ब्लॅकफ्रायर्स आणि हचिसनटाउनची. कामगारवस्ती, १८८४-८५ च्या फेररचनेपासून उदारमतवाद्यांकडे असलेली जागा. १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या भरात झालेल्या निवडणुकीत सुमारे हजार मतांनी जिंकले. त्या काळी खासदाराला पगार नव्हता. वर्षाला ४०० पौंड १९११ पासून सुरू झाले. म्हणजे धंदा सोडून वेस्टमिन्स्टरला जायचं तर घरखर्च आधीच बाजूला काढून ठेवलेला हवा. लॉ यांनी बचत आणि किडस्टन नातलगांकडून आलेला वारसा मिळून तशी सोय झाल्यावरच पेढीचं रोजचं काम सोडलं. व्यापाऱ्याला चाळिशीच्या आत राजकारणात येणं अवघड का जायचं, त्याचं उत्तर यात आहे.

---

आकडेमोड

लॉ यांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते २२ एप्रिल १९०२ च्या भाषणानं. विषय धान्यावरची जकात. बोअर युद्धाच्या खर्चासाठी अर्थमंत्री हिक्स बीच यांनी आयात धान्यावर हंड्रेडवेटला ३ पेन्स आणि पिठावर ५ पेन्स बसवले होते. विरोधक म्हणत, गरिबाची भाकरी महागणार. लॉ सरकारच्या बाजूनं उभे राहिले.

हा वाद नेमका किती पैशांचा होता, ते मी मांडून पाहिलं. हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड वजन. ४ पौंडी पावाला साधारण ३ पौंड पीठ लागतं असं धरू. मग ११२ पौंडांना ५ पेन्स, तर ३ पौंडांना १५ भागिले ११२, म्हणजे ०.१३ पेनी. एका मोठ्या पावामागे पेनीचा आठवा हिस्सा. सर्वांत लहान नाणं फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. हा बोजा त्याच्याही निम्मा.

हिशेब बरोबर आहे, पण खरी मेख इथेच आहे. पाववाला पावाचा भाव पेनीच्या आठव्या हिश्शानं वाढवूच शकत नाही, तेवढं नाणंच नाही. एकतर तो जकात स्वतः सोसेल किंवा एकदम अर्धा पेनी वाढवेल. म्हणजे कागदावर नगण्य असलेला कर दुकानात चौपट होऊन गिऱ्हाइकापर्यंत जाऊ शकतो. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, नवे अर्थमंत्री रिची यांनी ही जकात काढून टाकली आणि त्यातूनच जोसेफ चेंबरलेन यांची जकात-सुधारणेची चळवळ (परदेशी मालावर कर, वसाहतींच्या मालाला सवलत) पेटली. लॉ तिचे खंदे समर्थक झाले.

भाषणाचा फायदा मात्र लगेच झाला. ऑगस्ट १९०२ मध्ये ते व्यापार मंडळाचे, म्हणजे सरकारच्या व्यापार खात्याचे, संसदीय सचिव झाले. खासदारकीला दोन वर्षंही झाली नव्हती.

---

पिंपळपान

> पाववाला पावाचा भाव पेनीच्या आठव्या हिश्शानं वाढवूच शकत नाही

फार मोलाचं निरीक्षण. जकात-सुधारणावाले वीस वर्षं ज्या खड्ड्यात पडत राहिले तो हाच. परदेशी लोखंडावर, काचेवर कर लावा म्हटलं तर कामगार ऐकून घेत. वसाहतींना सवलत द्यायची तर मात्र त्या पाठवतात त्या वस्तूवर इतरांसाठी कर हवा, आणि कॅनडा पाठवणार गहू. त्यामुळे अन्नावरचा कर या योजनेतून वगळताच येत नव्हता.

१९०६ मध्ये याच प्रश्नावर हुजूर पक्षाची धूळधाण झाली आणि लॉ मजूर पक्षाच्या जॉर्ज बार्न्स यांच्याकडून ब्लॅकफ्रायर्स हरले. मेमध्ये लंडनच्या डलिचमधून पोटनिवडणुकीनं परत आले. पोटनिवडणूक घडवायची रीत अशी: ब्रिटिश खासदाराला राजीनामा देता येत नाही. ज्याला जागा सोडायची तो नाममात्र मानधनाचं एक सरकारी पद मागतो, उदाहरणार्थ चिल्टर्न हंड्रेड्सचं कारभारीपद. ते मिळालं की तो खासदारकीला अपात्र ठरतो आणि जागा रिकामी होते. पक्षाला मोठा माणूस सभागृहात हवा असला की सुरक्षित जागेवरच्या कोणाला तरी हे करायला लावत.

डिसेंबर १९१० मध्ये मात्र लॉ यांनी डलिचची हक्काची जागा सोडून मँचेस्टर नॉर्थ वेस्ट लढवली. खुल्या व्यापाराचा बालेकिल्ला. का? त्या काळी सगळीकडे एकाच दिवशी मतदान होत नसे, ते दोन-तीन आठवडे चाले. सुरुवातीच्या शहरांचे निकाल वर्तमानपत्रांत आले की पुढच्या मतदारसंघांवर परिणाम व्हायचा. मँचेस्टर सुरुवातीच्या शहरांत होतं. तिथे जकातवाला जिंकला असता तर आसपासच्या लँकेशायर परगणाभर वारं फिरलं असतं. ते ४४५ मतांनी हरले. मार्च १९११ मध्ये लिव्हरपूलशेजारच्या बूटलमधून पुन्हा आत आले. हरूनही पक्षात वजन वाढलं, कारण स्वतःची जागा डावावर लावायला बाकीचे नेते तयार नव्हते.

---

गोदामपावती

नोव्हेंबर १९११ मधली नेतेपदाची निवडसुद्धा बाजारातल्या कोंडीसारखीच झाली. पक्षनेते बाल्फोर पायउतार झाले. ऑस्टिन चेंबरलेन आणि वॉल्टर लाँग दोघेही दावेदार, दोघांचेही गट घट्ट, आणि कोणीही थोड्या मतांनी जिंकला तरी पक्ष दुभंगणार. तिसरे लॉ, सर्वांत कमी मतांचे. ते मागे हटले नाहीत, त्यामुळे पहिल्या दोघांपैकी कोणालाच स्पष्ट बहुमत दिसेना. शेवटी दोघांनी एकाच वेळी माघार घेतली आणि १३ नोव्हेंबरला कार्लटन क्लबात लॉ बिनविरोध निवडून आले. दोन्ही गटांना चालेल असा दुसरा माणूस तिथे नव्हता.

---

पिंपळपान

आणि नेता झाल्यावर वर्षभरातच अन्नकराचा तोच सौदा अंगावर आला.

१९१० मध्ये बाल्फोर यांनी वचन दिलं होतं की अन्नावरच्या करासाठी आधी सार्वमत घेऊ. नोव्हेंबर १९१२ मध्ये पक्षानं ते वचन मागे घेतलं. १६ डिसेंबरला लॉ यांनी अ‍ॅश्टन-अंडर-लाइनला भाषण करून त्याचा खुलासा करायचा प्रयत्न केला, तर लँकेशायर उसळलं. तिथली गिरणीवस्ती स्वस्त भाकरीवर जगत होती आणि ते भाषण झालं तेही लँकेशायरमध्येच. लॉ आणि वरिष्ठ सभागृहातले नेते लॅन्सडाउन, दोघेही पद सोडायच्या गोष्टी करू लागले. जानेवारी १९१३ मध्ये पक्षाच्या बहुतेक खासदारांनी एक निवेदन लिहून दिलं: नेते तुम्हीच राहा, पण अन्नकर तूर्त बाजूला ठेवा. लॉ यांनी ते मान्य केलं.

काही जण याला कच खाणं म्हणतात. मला तसं वाटत नाही. अन्नकर सोडल्यामुळे उरलेली योजना आणि पक्षाची एकजूट दोन्ही वाचली. पडत्या भावात वॉरंटं धरून बसण्यापेक्षा ठरावीक तोटा मान्य करून मोकळं व्हावं, हेच त्यांनी केलं.

---

निळी शाई

पिंपळपान, अन्नकराबद्दल सहमत. पण अल्स्टरचं काय? तिथे लॉ यांनी तोटा मान्य करायचा विचारच केला नाही, आणि मला हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत गंभीर दोष वाटतो.

१९११ च्या कायद्यानं लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाचा नकाराधिकार दोन वर्षांपुरता उरला. कॉमन्सनं एकच विधेयक तीन अधिवेशनांत मंजूर केलं की ते लॉर्ड्सशिवाय कायदा होणार. म्हणजे १९१२ मध्ये आलेलं आयरिश स्वराज्याचं विधेयक १९१४ मध्ये पास होणार, ही तारीख सगळ्यांना दिसत होती. त्यावर २७ जुलै १९१२ ला ब्लेनहाइमच्या सभेत लॉ यांनी जाहीर केलं की अल्स्टर या स्वराज्याच्या प्रतिकारात कितीही पुढे गेलं तरी आपण पाठीशी राहू. विरोधी पक्षाचा नेता संसदेबाहेरच्या सशस्त्र प्रतिकाराला आगाऊ पाठिंबा देतो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या.

१९१४ मध्ये तर त्यांनी लष्कराच्या वार्षिक कायद्यावरच बोट ठेवलं. तो कायदा दरवर्षी नव्यानं मंजूर करावा लागे, नाहीतर सैन्यात शिस्त लावायचा कायदेशीर आधारच संपे. लॉर्ड्सनं त्यात दुरुस्ती घालून निवडणूक होईपर्यंत अल्स्टरमध्ये सैन्य वापरता येणार नाही अशी अट टाकावी, असा बेत होता. तो मार्चमध्ये सोडला. त्याच महिन्यात आयर्लंडमधल्या करागच्या छावणीत अधिकाऱ्यांनी अल्स्टरवर जाण्यापेक्षा नोकरी सोडू असं सांगितलं. आग किती जवळ पोचली होती ते यावरून दिसतं.

वडील अल्स्टरचे, उतारवयात ते तिकडेच परतले होते, लॉ तिकडे जात-येत होते. हा त्यांच्या वहीत मावणारा सौदा नव्हता, हे मला समजतं. पण समजलं म्हणून ते योग्य ठरत नाही.

---

रोजमेळ

ताई, ब्लेनहाइमचं समर्थन मीही करणार नाही. एवढंच जोडतो की १९१३-१४ मध्ये ते पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांना गुप्तपणे भेटून अल्स्टरचे काही परगणे वगळण्याची तडजोड होते का ते चाचपत होते. जाहीर सभेतला आणि बंद खोलीतला लॉ यांत फरक होता. पण जाहीर बोललेले शब्द परत घेता येत नाहीत, हे त्यांना बाजारानं शिकवलेलं असूनही इथे ते चुकले.

---

आकडेमोड

आता अर्थमंत्रीपदाकडे येतो. माझ्या मते लॉ यांचं खरं मोठं काम इथलं. डिसेंबर १९१६ मध्ये अ‍ॅस्क्विथ यांचं सरकार पडलं, तेव्हा राजानं सरकार बनवायला आधी लॉ यांनाच बोलावलं होतं. अ‍ॅस्क्विथ आपल्या हाताखाली यायला तयार नाहीत म्हटल्यावर त्यांनी ते नाकारलं, लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले आणि लॉ अर्थमंत्री व कॉमन्सचे नेते.

जानेवारी १९१७: पहिल्या महायुद्धासाठी नवं युद्धकर्ज काढायचं. बँकवाल्यांचा सल्ला ६ टक्के द्या, त्याखाली पैसा येणार नाही. लॉ यांनी ५ टक्के ठरवले. रोख्याची रचना अशी:

१०० पौंडांचा रोखा ९५ पौंडांना. व्याज दर्शनी किमतीवर ५. म्हणजे गुंतवलेल्या पैशावर ५ भागिले ९५, सुमारे सव्वापाच टक्के. परतफेड १९२९ ते १९४७ दरम्यान सरकार ठरवेल तेव्हा, पुरे १०० पौंड. आधीच्या साडेचार टक्क्यांच्या कर्जाचे रोखे बदलून यात घ्यायची मुभा. शेजारी ४ टक्क्यांचा दुसरा रोखा, ज्यात प्राप्तिकर आधीच जमेस धरलेला, मोठ्या करदात्यांसाठी. आणि बाजारात भाव पडू नये म्हणून दर महिन्याला कर्जाच्या एक अष्टमांश टक्का रक्कम वेगळी काढायची, भाव विक्रीच्या किमतीखाली गेला की त्यातून सरकार रोखे विकत घेणार.

ही शेवटची तरतूद बाजार जाणणाऱ्या माणसालाच सुचावी अशी. रोखा घेणाऱ्याला व्याजाच्या दरापेक्षा जास्त भीती असते ती उद्या विकायला गेलो तर गिऱ्हाईक मिळेल का याची.

बदलून दिलेलं जुनं कर्ज धरून दोन अब्ज पौंडांवर भरणा झाला. या रकमेवर १ टक्का म्हणजे वर्षाला २ कोटी पौंड. बँकवाल्यांचं ऐकलं असतं तर तेवढं व्याज दरवर्षी जास्त गेलं असतं. हेच कर्ज पुढे १९३२ मध्ये साडेतीन टक्क्यांवर उतरवलं गेलं.

उणी बाजूही लिहितो. बऱ्याच जणांनी रोखे स्वतःच्या बचतीतून घेतले नाहीत, बँकेकडून उसने पैसे घेऊन घेतले. अशा भरण्यानं खर्च कमी होत नाही, नवा पैसा तयार होतो आणि महागाईला हातभार लागतो. एकाच मोठ्या झटक्यात कर्ज काढण्याचा हा तोटा. ऑक्टोबर १९१७ पासून राष्ट्रीय युद्धरोखे सतत विक्रीला ठेवले गेले. मला वाटतं, ही पद्धत आधीपासून हवी होती.

---

गोदामपावती

बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर कन्लिफ यांच्याशी झालेला सामनाही याच काळातला. १९१७ च्या उन्हाळ्यात ब्रिटनचं सोनं कॅनडात ओटावाला ठेवलेलं होतं, अमेरिकेतल्या देण्यांसाठी. कन्लिफ यांनी परस्पर कॅनडा सरकारला कळवलं की ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून ते सोनं सोडू नका. लॉ सहसा शांत असत. या वेळी त्यांनी गव्हर्नरांकडून माफी आणि पुढे अर्थमंत्र्यांच्या धोरणाशी जुळवून घेण्याची हमी घेतल्याशिवाय विषय सोडला नाही. १९१८ मध्ये कन्लिफ पायउतार झाले. मालाचा मालक कोण आणि गोदामवाला कोण, यात गोदामवाल्यानं पावतीधारकाचा माल अडवायचा नसतो.

१९१८ च्या अंदाजपत्रकात प्राप्तिकर पौंडाला (२० शिलिंगांना) ५ शिलिंगांवरून ६, धनादेशावरचा मुद्रांक १ पेनीवरून २, पत्राचं टपाल १ वरून दीड पेनी. हे सगळे कर वसूल झाले, कारण गोळा करायची यंत्रणा आधीच होती. फसला तो चैनीच्या वस्तूंवरचा कर. कल्पना शिलिंगाला २ पेन्सची. पण चैन कशाला म्हणायचं? अमुक किमतीपुढचा कोट चैनीचा, तर शिंप्याकडून दोन तुकड्यांत बिल घेतलं की सुटला. याद्या करायला समिती बसली, युद्ध संपलं आणि कर कधी लागूच झाला नाही.

---

पिंपळपान

एक अप्रिय गोष्टही नोंदवायला हवी. १९१५ मध्ये, लॉ नुकतेच संमिश्र सरकारात वसाहतमंत्री होत असताना, त्यांच्या जुन्या पेढीच्या दोन भागीदारांवर शत्रूशी व्यापार केल्याचा खटला चालला आणि ते दोषी ठरले. मामला युद्धाच्या तोंडावर जर्मनीकडे निघालेल्या खनिजाचा. लॉ यांचा त्यात हात नव्हता. रोजच्या कारभारातून ते १९०० मध्येच बाहेर पडले होते. पण त्यांचे भाऊ त्या पेढीत होते आणि राजकीय बोभाटा व्हायचा तो झालाच. पेढीतून पाय पूर्ण काढून घेतल्याशिवाय मंत्रिपद घेऊ नये, असं आज आपण म्हणू. तेव्हा तसा नियम नव्हता.

---

निळी शाई

१९१७ या वर्षाबद्दल आकडेमोड यांनी जे लिहिलं त्याच्या शेजारी हेही ठेवा. एप्रिलमध्ये गाझाच्या लढाईत एक मुलगा गेला, सप्टेंबरमध्ये वैमानिक असलेला थोरला. पत्नी अ‍ॅनी १९०९ मध्येच गेल्या होत्या. ओटावाच्या सोन्याचं भांडण या दोन मृत्यूंच्या मधल्या महिन्यांतलं आहे.

---

रोजमेळ

१९२२ बद्दल लिहून माझ्याकडून आवरतं घेतो.

प्रकृतीमुळे मार्च १९२१ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्कस्तानातल्या चनाकच्या प्रश्नावर लॉइड जॉर्ज तुर्कांशी युद्धाच्या काठावर गेले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात 'टाइम्स'मध्ये लॉ यांचं पत्र आलं. मथितार्थ असा की ब्रिटन एकटा जगाची पोलिसगिरी करू शकत नाही. १९ ऑक्टोबरला कार्लटन क्लबात हुजूर खासदारांची बैठक झाली. लॉइड जॉर्ज यांच्याबरोबरचं संमिश्र सरकार ठेवायचं की सोडायचं? मंत्री बॉल्डविन सोडा म्हणाले, लॉही सोडा म्हणाले, आणि दोनास एकाहून जास्त मतांनी ते सुटलं.

यानंतर एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. राजानं बोलावलं तेव्हा लॉ म्हणाले, मी आज पक्षाचा नेता नाही, आधी पक्षानं निवडावं. २३ ऑक्टोबरला निवड झाली, मगच पद घेतलं. सही आणि शिक्का झाल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही. १५ नोव्हेंबरच्या निवडणुकीत ६१५ पैकी सुमारे ३४५ जागा मिळाल्या. लॉइड जॉर्ज यांनी उभारलेला खासगी सल्लागारांचा ताफा त्यांनी मोडला, पण मंत्रिमंडळाचं सचिवालय, ज्यामुळे निर्णयांची लेखी नोंद राहते, ते ठेवलं.

---

आकडेमोड

आणि शेवटचा सौदा, अमेरिकेचं युद्धकर्ज. जानेवारी १९२३ मध्ये अर्थमंत्री बॉल्डविन वॉशिंग्टनला गेले. लॉ यांचा आकडा ठरलेला: वर्षाला अडीच कोटी पौंडांपलीकडे नको. बॉल्डविन घेऊन आले ते पहिली दहा वर्षं ३ टक्के, पुढे साडेतीन, एकूण ६२ वर्षं. सुरुवातीला वर्षाला जवळपास ३ कोटी ४० लाख पौंड. त्यात चूक अशी झाली की बोटीतून उतरताच त्यांनी पत्रकारांशी अटींबद्दल बोलून टाकलं. आता नकार दिला तर ब्रिटननं शब्द मोडला असं दिसणार. घासाघीस चालू असताना आपला शेवटचा भाव बाहेर फुटला की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

लॉ यांनी नाव न देता, 'एक वसाहतवासी' अशा सहीनं 'टाइम्स'ला पत्र लिहून स्वतःच्याच अर्थमंत्र्यानं आणलेल्या अटींवर टीका केली. मंत्रिमंडळात मात्र ते जवळजवळ एकटे पडले. राजीनाम्याच्या गोष्टीपर्यंत गेले आणि मग ३१ जानेवारीला मान्य केलं.

---

गोदामपावती

त्या पत्रातला 'वसाहतवासी' शब्दशः खरा होता. ब्रिटिश बेटांच्या बाहेर जन्मलेले ते पहिले पंतप्रधान, आणि न्यूयॉर्कला जन्मलेले बोरिस जॉन्सन येईपर्यंत एकमेव.

---

निळी शाई

मेमध्ये घशाचा कर्करोग निघाला. आवाज इतका बसला होता की शेवटच्या दिवसांत सभागृहात त्यांच्या वतीनं दुसऱ्यांना बोलावं लागे. २० मे १९२३ ला पद सोडलं. पुढचा पंतप्रधान कर्झन की बॉल्डविन, याबद्दल राजाला लेखी सल्ला द्यायला त्यांनी नकार दिला. ३० ऑक्टोबरला गेले. त्यांची इच्छा हेलेन्सबर्गला पत्नीशेजारी पुरलं जावं अशी होती. अस्थी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत ठेवल्या गेल्या.